‘माझ्या समक्ष’: बडोद्यातल्या नोटरीच्या टेबलावरून

प्रश्न मांजलपूरच्या एका वकीलबाईंचा आहे. दहा वर्षं दिवाणी कोर्टात काम केल्यावर त्यांची नोटरी म्हणून नेमणूक झाली आहे. घरी सगळे म्हणतात, ‘आता काय, दिवसभर शिक्के मारत बसायचं.’ त्या विचारतात, या कामात रोजच्या रोज मन रमावं असं काही असतं का, की घराजवळची सोय म्हणूनच करायचं?

असतं. भरपूर असतं. पण ते कुठे असतं हे आधी सांगते, कारण पहिली दोन-तीन वर्षं मलाही ते सापडलं नव्हतं. आपण जवळजवळ प्रत्येक कागदावर एक वाक्य लिहितो: ‘माझ्या समक्ष सही केली.’ या कामातला सगळा जीव त्या ‘समक्ष’मध्ये आहे. माणूस खरोखर समोर बसला, त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकलं, कागद त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवला, आणि त्याने नुसती मान न हलवता ‘हो, असंच आहे’ म्हटलं, तर दिवसातून चार-पाच वेळा तरी मन भरून येतं. माणूस न बघता शिक्का मारलात, तर तुमच्या घरचे म्हणतात तेच खरं ठरेल.

आपल्याकडे सर्वांत जास्त येतो तो नावाचा सोगंदनामा. (महाराष्ट्रातले नातेवाईक त्याला प्रतिज्ञापत्र म्हणतात, बडोद्याच्या मराठीत सोगंदनामाच.) ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, आणि ती व्यक्ती मी’ एवढंच त्यात असतं. पण इथल्या मराठी बायकांच्या नावांना किती थर असतात बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नवं नाव. मग रेशन कार्ड करणाऱ्या कारकुनाने प्रेमाने जोडलेलं ‘बेन’, म्हणजे शालिनीची शालिनीबेन. पुरुषांचंही तेच, कुठे ‘राव’ चिकटतं, कुठे ‘भाई’. शिवाय गुजराती पद्धतीत आडनाव आधी येतं, आणि बँकेच्या खात्यात तेच पहिलं नाव होऊन बसतं. पासपोर्टची वेळ आली की हे सगळे थर एकदम वर येतात.

गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. यजमान गेल्यानंतरची बँकेची कामं अडली होती. मी विचारलं, ‘आजी, तुमचं पूर्ण नाव?’ त्यांनी सासरचं सांगितलं. ‘आणि लग्नाआधीचं?’ नातू फाईल उघडून वाचायला लागला. मी त्याला हाताने थांबवलं. आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात म्हणाल्या. शाळेत हजेरीला उभं राहून म्हणावं तसं. नातू म्हणाला, ‘आजी, हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.’ त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या टाईप केलेल्या कागदावर वाकल्या होत्या. ‘दुसरं अक्षर दीर्घ आहे. यात ऱ्हस्व पडलंय.’ मी ते पान बदलून आणायला पाठवलं. नातवाला वाटलं एवढ्याशा वेलांटीसाठी कशाला. पण साठ वर्षांनी ते नाव कागदावर येत होतं, तर बरोबरच यायला हवं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

हे तुम्हाला कोर्टात मिळणार नाही. तिथे माणूस पक्षकार असतो, वादी असतो, साक्षीदार क्रमांक तीन असतो. आपल्या टेबलासमोर तो फक्त ‘मी कोण’ एवढंच सांगायला आलेला असतो.

अंगठ्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण नवे नोटरी ते कारकुनावर सोडतात आणि मला वाटतं तिथेच चूक करतात. अंगठा दाबायचा नसतो, लोळवायचा असतो: नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकदाच, मागे न आणता. पॅडवर शाई जास्त झाली की नुसता जांभळा डाग उमटतो. गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा सिमेंटने झिजलेल्या असतात. त्यांना मी साबणाने हात धुवायला लावते आणि अंगठा पूर्ण कोरडा होईपर्यंत गप्पा मारते. मग रेषा दिसू लागतात, बारीक, पावसानंतरच्या शेतातल्या सरींसारख्या. माणसाचं बोट आपल्या दोन बोटांत धरायचं असतं. बहुतेकांचा हात आधी ताठ असतो, मग सैल पडतो. सैल पडला की ठसा चांगला येतो. आणि काम झालं की ते अंगठा सरळ डोक्याच्या केसांना पुसतात. मी कापसाचा बोळा पुढे केला तरी केसांनाच. तीस वर्षांपूर्वी पुसायचे, आजही पुसतात. मला ते बघायला फार आवडतं.

शपथही अशीच. १९६९ चा शपथ कायदा देवाची शपथ आणि गंभीर प्रतिज्ञा, दोन्हींना सारखंच मानतो. मी प्रत्येकाला विचारते, कोणती घेणार? बहुतेकांना असं कुणी कधी विचारलेलंच नसतं. काही जण चपला काढतात. एक प्राध्यापक होते, त्यांनी प्रतिज्ञा निवडली आणि तरीही चपला काढल्या.

आता नोंदवही. नियमांत तिचा नमुना ठरलेला आहे, पंधरावा, आणि अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, पक्षकार, फी वगैरे रकाने आहेत. नवख्याला ती कटकट वाटते. माझ्या लेखी ती या धंद्यातली सर्वांत सुंदर वस्तू आहे, आणि असं का वाटतं ते सांगायला माझी एक चूक सांगावी लागेल.

दुसऱ्या वर्षी वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ भाडाकरार घेऊन आले. घरमालक ते स्वतः. भाडेकरूची सही आधीच झालेली. ‘तो नोकरीवर गेलाय, सही त्याचीच आहे, मी सांगतो ना.’ वडिलांच्या वयाचा माणूस, नाही कसं म्हणायचं? मी शिक्का मारला. चार महिन्यांनी भाडेकरू ती प्रत घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. शेवटच्या पानावरची सही त्याची होती, पण पहिलं पान त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. डिपॉझिटची रक्कम आणि घर सोडायची मुदत दोन्ही वेगळ्या. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, ‘ताई, तुम्ही लिहिलंय तुमच्या समक्ष. मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय.’ मी दोघांना बोलावून नवा करार करून दिला, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. तेव्हापासून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, खाडाखोडीपाशी सह्या, आणि नोंदवहीत त्यांच्याच हाताची सही किंवा अंगठा. आणि शेरा. शेऱ्याचा रकाना मी कधीच मोकळा सोडत नाही.

त्या शेऱ्याने पुढे एकदा माझी लाज राखली. एका कुलमुखत्यारपत्रावरून (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) भावाभावांत वाद पेटला आणि मला नोंदवही घेऊन साक्षीला बोलावलं. मुखत्यारपत्र नऊ वर्षांपूर्वीचं. उलटतपासात वकिलांनी विचारलं, ‘एवढ्या वर्षांनी तुम्हाला काय आठवणार?’ मला खरंच काही आठवत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. मग पान उघडलं. शेरा होता: ‘उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पट्टी आहे. पूर्ण मजकूर मराठीतून वाचून दाखवला. तिसऱ्या कलमातला शेत विकण्याचा अधिकार त्यांच्या सांगण्यावरून काढला.’ कोर्टात दोन्ही भाऊ बसले होते. वडिलांनी शेताचा अधिकार स्वतःहून काढायला लावला होता, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर दोघं काही वेळ एकाच बाकावर बसले होते. मी तेवढंच पाहिलं आणि निघाले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराच्या कामाचं विवरण सरकारला पाठवायचं असतं. ते मी अजून हाताने मोजते. बाहेर रस्त्याकडेला उत्तरायणासाठी मांजाला गुलाबी रंग चढवणारे बसलेले असतात, दोरा खांबाखांबाला ताणलेला, आणि मी आत वहीची पानं उलटत सोगंदनामे किती, मुखत्यारपत्रं किती, भाषांतरं किती ते लिहीत असते. एखाद्या नोंदीपाशी बोट थांबतं: अरे, ही मुलगी, हिचं पुढे काय झालं असेल? विवरण एका दिवसात होण्यासारखं असतं. मी तीन दिवस लावते.

भाषांतराचा उल्लेख केला, तर तिथे जरा रेंगाळते. १९५२ च्या नोटरी कायद्याच्या आठव्या कलमात आपली कामं दिली आहेत, आणि त्यात कागदाचं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करणं आणि ते पडताळणं हेही आहे. बहुतेक नोटरी त्याकडे फिरकत नाहीत. बडोद्यात राहून ते सोडणं म्हणजे घरातली विहीर बुजवणं. इथे एकेका घरातल्या पेटीत मराठी, गुजराती, इंग्रजी कागद एकत्र निघतात, आणि गायकवाडी काळातले असले तर मोडीही. मोडी मला वाचता येत नाही, म्हणून त्यावर मी शिक्का मारत नाही, जाणकाराकडे पाठवते. जे आपल्याला वाचता येत नाही ते ‘पडताळलं’ म्हणून लिहायचं नाही.

व्हिसासाठी पुष्कळदा लग्नपत्रिकेचं भाषांतर मागतात. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे इंग्रजीत आणताना मी पहिल्यांदा अर्धा तास बसले होते. आणि ‘चि. सौ. कां.’! एका जुन्या भाषांतरात मुलीचं पहिलं नावच ‘चिसौका’ झालेलं मी पाहिलंय, आणि त्यापायी त्या कुटुंबाचे चार महिने गेले होते. आता मी ती अक्षरं तशीच ठेवते आणि खाली टीप देते की ही चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी या शब्दांची अक्षरं आहेत, वधूच्या नावाआधी लावतात, नावाचा भाग नाहीत. त्या टिपेखाली सही करताना वाटतं, कुठल्या लांबच्या शहरातला एक अधिकारी आज हे वाचणार आणि त्याला आपल्या लग्नघरातली एक गोष्ट कळणार.

या शहराला हे नवं नाही. महाराजा सयाजीरावांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढवला: कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी. सरकारी कागद लोकांना त्यांच्या भाषेत कळला पाहिजे, हा विचार इथे आपल्या जन्माआधीच मुरलेला आहे. तुम्हीही तेच काम करणार आहात, एका वेळी एक कागद.

मुलं परदेशी शिकायला जातात तेव्हा पालकांचा खर्चाचा सोगंदनामा करायला येतात. वडील आकडा वाचताना घसा साफ करतात. मुलगा मोबाईलमध्ये असतो. मी मोबाईल खाली ठेवायला लावते आणि आकडा मुलाकडून मोठ्याने वाचून घेते. कधी वेळ असला तर सांगते की ४ जून १९१३ ला भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी अशाच एका करारावर सही केली होती: महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. एका कागदाने काय काय सुरू होऊ शकतं हे बडोद्याच्या मुलांना तरी ठाऊक असायला हवं.

नाही म्हणण्यातही आनंद आहे, आणि तो मुरायला वेळ लागतो. पळून आलेली जोडपी येतात, ‘लग्नाची नोटरी करून द्या.’ नोटरीच्या शिक्क्याने लग्न होत नाही आणि मोडतही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या विधी खात्याने हे पुन्हा स्पष्ट बजावलंय. मी त्यांना बसवून पाणी देते आणि विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस, कचेरी, कागद, सगळं लिहून देते. निम्मी जोडपी रागावून दुसरीकडे जातात. पण एक जोडपं वर्षाने परत आलं, विवाह नोंदणीच्या दाखल्याची खरी नक्कल करून घ्यायला. मूळ दाखला प्लास्टिकच्या पाकिटात, त्याला एक सुरकुती नाही. त्या नकलेवरचा शिक्का मी मारला तसा सरळ मला पुन्हा कधी जमला नाही.

घराच्या सौद्यांतही ताठ राहा. ‘नोटरीवर घर घेतो, स्टॅम्प ड्युटी वाचते’ असं सर्रास चालतं. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका फंडाचे सगळे पैसे अशा घरात घालायला निघाले होते. मी नकार दिला तेव्हा ते चिडले. पुढे तो व्यवहारच त्यांनी सोडला. त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्या घरून चिवडा येतो, सौंच्या हातचा, खोबऱ्याचे काप जरा जास्त घातलेला.

घरी जाऊन सही घेण्याचा कंटाळा करू नका. नेमणुकीच्या क्षेत्रात कुठेही जाता येतं. राजमहाल रोडवर अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी पेन हातात घेण्याआधी सुनेला सांगितलं, ‘माझी टोपी दे.’ काळी टोपी घालून, उशीला टेकून त्यांनी सही केली, आणि मग टोपी काढून परत दिली.

माझी पहिली वर्षं न्यायमंदिराच्या परिसरात गेली. १८९६ ची ती इमारत, आत कबुतरं, बाहेर टाईपरायटरचा आवाज, दुपारी सूरसागरावरून येणारं वारं. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला नव्या इमारतीत गेलं. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०१९ पासून, जुन्या स्टॅम्प पेपरची विक्री थांबून सगळं ई-स्टॅम्पवर आलं. सोय झाली, यात शंका नाही. पण तो जाड कागद हातात घेतल्यावर लोक आपोआप हळू बोलायचे. आता हळू बोलायला लावणं आपल्याकडे आलंय.

एक गंमत म्हणून कायद्याचं ते आठवं कलम रात्री निवांत पुन्हा वाचा. हुंडी न स्वीकारल्याची नोंद, जहाजाचे प्रोटेस्ट (सफरीतल्या नुकसानीबद्दल कप्तानाने दिलेलं निवेदन), सफरीत जहाज गहाण ठेवून काढलेलं कर्ज, अशीही कामं त्यात आहेत. बडोद्याला बंदर नाही, मला त्यातलं एकही करायला मिळालं नाही. तरी आपल्या हातातला पाच सेंटिमीटरचा गोल शिक्का दर्यावर्दी व्यापाऱ्यांपासून आपल्यापर्यंत आलाय, हे कळलं की तो उचलताना हाताला वेगळा वाटतो.

तुम्ही सुरुवात करताय म्हणून दोन-चार वस्तूंचं सांगते. शाईचं पॅड चांगलं घ्या आणि आठवड्याने बघत जा. फीचा तक्ता आत आणि बाहेर दोन्हीकडे लावायचा असतो. बाहेरचा गुजराती आणि मराठी दोन्हींत, मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे आत येणाऱ्याला विचारायला संकोच वाटत नाही. पक्षकाराची खुर्ची हातांची असू द्या; वयस्कर माणसांना उठताना आधार लागतो. आणि टेबलाच्या खणात जवळचं वाचायचे तीन चष्मे ठेवा. ‘चष्मा घरी राहिला, कुठे सही करू तेवढं दाखवा’ असं रोज कुणीतरी म्हणतं, आणि तिथेच बहुतेक फसवणुकी घडतात. दीड, दोन आणि अडीच नंबर पुरतात. मी चष्मा पुढे केला की आधी ‘नको नको’ होतं, मग तो लावतात, कागद हातभर लांब धरतात, मग जवळ आणतात आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. अशा वेळी मी फोन घेत नाही, मागे कितीही जण थांबलेले असले तरी. परवा एका मावशींना अडीचचाही पुरेना, त्या दोन चष्मे एकावर एक धरून वाचत होत्या. तीन नंबरचा काल आणून ठेवला.